पोथीच्या रुमालातला कागद

मी पोथीचा रुमाल. जुनी माणसं मला बासन म्हणतात, प्रेमलाबाई नुसतं रुमाल म्हणतात. बोलायची सवय मला नाही, गुंडाळून राहायची आहे. पण या फाल्गुनाच्या सुरुवातीला आमच्या घरात जे झालं, ते माझ्या पोटातल्या एका कागदावरून झालं. म्हणून आज माझे चार शब्द ऐका.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी, त्या वर्षीचा माझा जन्म. दिवाळी नुकतीच सरली होती. गोल बाजारातल्या एका दुकानात तांबड्या खारव्याच्या ताग्यात मी निजून होतो. प्रेमलाबाई आल्या, बोटांनी कापड चोळून पाहिलं, भाव विचारला. दुकानदार हसून म्हणाला, "दीदी, अब राजधानी वाला रेट है." प्रेमलाबाईंनी त्याला कालच्याच भावानं द्यायला लावलं. कैचीचा एक आवाज, आणि मी ताग्यापासून वेगळा झालो.

घरी आल्यावर त्यांनी मला धुऊन सावलीत वाळवलं, कडा दुमडून हातानं शिवल्या, एका कोपऱ्याला नाडी लावली. चारी टोकांना हळदीकुंकू लावून माझ्यात व्रताची पोथी गुंडाळली. तेव्हापासून माझी जागा ठरली, शंकर नगरातल्या घरी, देवांच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर.

हे घर अनंतरावांचं. ते सिंचाई विभागात होते, वर्ध्याकडून बदलीवर इकडे आले आणि इथलेच झाले. प्लॉट घेतला तेव्हा मागे धानाचं शेत होतं म्हणतात. त्यांची पत्नी प्रेमलाबाई. मुलगा नीलेश, मुलगी पूर्णिमा. आणि अनंतरावांची धाकटी बहीण गोदू. लग्नानंतर वर्षभरात गोदूला नवऱ्यानं सोडलं. चोविसाव्या वर्षी ती भावाकडे चार दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आता चाळीस वर्षं होतील. तिची खाट देवांच्याच खोलीत आहे, माझ्या फळीच्या बरोबर समोर. त्यामुळे या घरात मी सगळ्यांत जास्त जिला पाहिलं, ती गोदू.

माझं काम खरं तर पोथी सांभाळायचं. पण प्रेमलाबाईंचा एक नेम होता. जे महत्त्वाचं, ते देवापाशी. आधी नीलेशची जन्मपत्रिका पोथीखाली आली. मग त्याची मार्कशीट, मग विम्याच्या पावत्या, मग घराची रजिस्ट्री. माझी नाडी पुरेना, तेव्हा त्यांनी दुसरी लांब नाडी लावली. आणि पोथीला आंघोळीशिवाय हात लावायचा नाही, म्हणून कागदांनाही नाही. एकदा महानगरपालिकेचा माणूस घरपट्टीची जुनी पावती बघायला आला, तर प्रेमलाबाई आंघोळ करून येईस्तोवर बिचारा फाटकात उभा. गोदूनं त्याला चहा नेऊन दिला आणि म्हणाली, "थांबा भैया, आमची फाइल सोवळ्यात आहे."

राज्य होऊन नऊ-दहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दसरा होता. अनंतराव आंघोळ करून पाटावर बसले आणि एक कोरा कागद घेऊन लिहू लागले. लिहून झाल्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवला. वर श्री. खाली एवढंच की माझ्या मागे हे घर प्रेमलाचं, आणि गोदू हयात आहे तोवर देवांची खोली गोदूची, तिला कोणी उठवू नये. मग त्यांची सही. सहीखाली त्यांनी दोन ओळी आखल्या आणि दोन साक्षीदार लिहिले. एक, श्री गजानन. दोन, कुलदेवता रेणुकामाता.

त्यांच्या ऑफिसातले श्यामकांत तेव्हा बायकोसह श्रीखंड-पुरी खायला आलेले होते. ते म्हणाले, "अनंतराव, मोठे साक्षीदार आणले." अनंतराव म्हणाले, यांच्यापेक्षा खरं कोण बोलणार. सगळ्यांनी नमस्कार केला. कागद चौपदरी घडी होऊन माझ्या पोटात आला.

अनंतराव जाऊन सात वर्षं झाली. कागद कोणी उलगडला नाही. त्यात काय आहे ते सगळ्यांना पाठ होतं. दर दसऱ्याला प्रेमलाबाई घडीवरच हळदीकुंकू लावत आणि परत ठेवत.

गेल्या दिवाळीत नीलेश हैदराबादहून आला. तो तिथं कंपनीत आहे. पोरगा वाईट नाही. मराठी चांगलं बोलतो, फक्त डोक्याचं काम असलं की हिंदीत जातो. फराळ करता करता त्यानं विषय काढला. शंकर नगरात भाव कुठल्या कुठे गेलेत, घर जुनं झालं, ते विकावं आणि आईनं हैदराबादला यावं. त्याचा तिथला फ्लॅट दोन खोल्यांचा होता. गोदू तेव्हा आतून चिवडा आणायला गेली होती. प्रेमलाबाईंनी हळूच विचारलं, आणि आत्या? नीलेश म्हणाला, "आत्या का देख लेंगे."

गोदू चिवड्याचा डबा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळ्यांना वाढला.

मग पौषात प्रेमलाबाईंच्या छातीत दुखलं आणि दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. परत आल्या त्या दिवशी माझ्यासमोर दिवा लावून बराच वेळ बसल्या. आपल्यामागे गोदूचं काय, एवढी एकच चिंता त्यांच्या तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी श्यामकांतभाऊंना फोन केला आणि वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, करायची म्हणून सांगितलं. त्यांनी तेलीबांध्याच्या एका वकीलबाईंचं नाव दिलं.

वकीलबाईंच्या मुंशीनं पहिल्या भेटीसाठी सोमवार दिला. त्या दिवशी सोमवती अमावस्या होती. प्रेमलाबाई म्हणाल्या, अमावस्येला कसं यावं, शिवाय पिंपळाची पूजा आहे. तो म्हणाला, "अम्मा, कचहरी तो अमावस्या को भी खुलती है." तरी त्यानं शनिवारी अकराची वेळ दिली आणि काय काय आणायचं ते सांगितलं. प्रेमलाबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, वर श्री काढून, सगळं लिहून घेतलं. रजिस्ट्री. घरपट्टीची पावती. अनंतरावांचा मृत्यूचा दाखला. सगळ्यांची आधार कार्डं. पासबुकं. वारस किती आणि कोण. कोणाला काय द्यायचं त्याची यादी. आणि आधीचा एखादा वसीयतनामा असेल तर तोही.

हे शेवटचं लिहिताना त्यांचा चेहरा उजळला. तो तर आहेच की! म्हणजे नीलेशला विचारायची, त्याच्यासमोर हात पसरायची गरजच नाही. त्याच्या वडिलांनीच लिहून ठेवलंय. गोदूची खोली पक्की.

मंगळवारपासून तयारी सुरू झाली. मला फळीवरून काढून पाटावर उलगडलं. इतका पूर्ण मी कित्येक वर्षांत उलगडलो नव्हतो. पोथी चौरंगावर गेली आणि कागदांचे ढीग खाटेवर. गोदू एकेक कागद फडक्यानं पुसून देई, प्रेमलाबाई यादीवर खूण करत. मध्येच त्यांना पाटल्या आठवल्या, त्या पूर्णिमाला. नथ सुनेला, स्नेहलला. मग त्यांनी एक नवीनच ओळ लिहिली: देव.

"देवालेही वारस लागते का?" गोदूनं विचारलं.

"मग! माझ्यामागं त्यांची पूजा कोण करन?"

"मी हाय ना. फक्त खोली राहू द्या म्हणजे झालं."

दोघी हसल्या. प्रेमलाबाईंनी देव या शब्दापुढे गोदूचं नाव लिहिलं.

बुधवारी श्यामकांतभाऊ कागद नजरेखालून घालायला आले. आयुष्यभर ऑफिसात बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क होते, कागद वाचायचा म्हणजे त्यांना पंगतीला बसल्यासारखं. रजिस्ट्री वाचली, ठीक. दाखला, ठीक. मग अनंतरावांचा कागद उलगडला. घडीवरची हळद चष्म्यावर पडली. त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं, आणि कागद हळूच मांडीवर ठेवला.

"वहिनी, हे चालत नाही."

"काहून? सही त्यांचीच आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वसीयतीला दोन माणसांच्या सह्या लागतात, सही करणाऱ्याला डोळ्यांनी पाहिलेल्या. इथं माणूस एकही नाही. तेव्हा कायद्यानं हा नुसता एक कागद. घर अजून अनंतरावांच्याच नावावर, म्हणजे ते तिघांचं, वहिनींचं, नीलेशचं आणि पूर्णिमाचं, सारखं सारखं. वहिनी वसीयतीत देऊ शकतात तो फक्त आपला तिसरा हिस्सा. गोदूबाई बहीण, तिचा या वाटणीत नंबरच लागत नाही.

"भाऊजी, तुम्ही तर होते तिथं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तेव्हा काहून नाही सांगतलं?"

श्यामकांतभाऊ खाली पाहू लागले. म्हणाले, "सुचलं होतं मले. तोंडावर आलं होतं. पण देवाचं नाव लिहिलं, आता त्याच्याखाली आपलं काय लिहायचं, असं वाटलं."

गोदू डाळ निवडत होती, ती निवडतच राहिली. मग श्यामकांतभाऊंनी खिशातून पेन काढलं. ते म्हणाले की आपण सही करतो. तारीख त्या दसऱ्याची टाकतो. अनंतरावांनी सही केली ती आपल्या डोळ्यांसमोर, यात खोटं काय आहे? दुसरी सही आपल्या बायकोची घेऊ, तीही होतीच त्या दिवशी. वकीलबाईंना काय कळणार?

मी प्रेमलाबाईंकडे पाहत होतो. आयुष्यात कधी उपास मोडला नाही अशी ती बाई. त्यांनी कागद पाटावर सरळ केला. सुरकुती हातानं दाबली. पुढे सरकवला. मी खरं तेच सांगेन, त्यांनी पुढे सरकवला.

श्यामकांतभाऊ वाकले. पेन साक्षीदाराच्या ओळीवर नेलं आणि तिथंच राहिले.

"काहून थांबले?" गोदूनं विचारलं.

"जागा नाही गोदूबाई. दोन्ही ओळींत देव आहे. खाली कागद संपला. खोडल्याशिवाय सही होत नाही."

कोणाचं नाव खोडायचं? गजाननाचं की रेणुकेचं? तिघंही त्या कागदाकडे पाहत बसली. मग प्रेमलाबाईंनी कागद मागे घेतला आणि घडी घातली. म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. माझी बुद्धीच फिरली होती."

श्यामकांतभाऊ पेन खिशात घालून गेले. गोदू सूप बाजूला ठेवून म्हणाली, "वहिनी, माझ्या एका खाटेसाठी तुम्ही देवाले कोर्टात उभं करून राहिल्या. मले काय, मी कुठंही राहीन."

"कुठं राहशील? सांग बरं. एक जागा सांग."

गोदूनं सूप परत पुढे ओढलं.

गुरुवारी प्रेमलाबाईंचा उपास. पूजा झाली, पोथी वाचून झाली. मग तिथंच पाटावर बसून त्यांनी आधी भिलाईला पूर्णिमाला फोन लावला. ती म्हणाली, आई, विचारायचं काय त्यात, कुठं सही करायची सांग. आणि आधार कार्डाचा फोटो लगेच पाठवला. मग नीलेशला. प्रेमलाबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. मला सगळं ऐकू आलं.

त्यांनी सरळ सांगितलं. बाबांचा कागद कायद्यात बसत नाही. घरात तुझा हिस्सा आहे. आत्या आहे तोवर खोली तिची राहावी, घर विकू नये, एवढं तू वकिलासमोर लिहून दे. पुढे ते तुम्हा दोघांचंच आहे.

मग नीलेश म्हणाला, "मम्मी, मैं आत्या को घर से निकाल दूँगा, ऐसा लगा तुमको?"

प्रेमलाबाई म्हणाल्या, "हव. वाटलं."

"मतलब?"

"तू म्हणाला होता, देख लेंगे. माणूस काय भाजी आहे, बाजारात गेल्यावर पाहू म्हणायले? ती दारात उभी होती रे. चिवडा घेऊन."

यावर तो बराच वेळ बोलला. फ्लॅटचं कर्ज, पोराची शाळा, जुन्या घराची डागडुजी. त्यातलं काही खोटं नव्हतं. प्रेमलाबाई हं हं करत ऐकत राहिल्या. शेवटी तो म्हणाला की शनिवारी सकाळच्या विमानानं येतो, समोर बसून बोलू, तोवर वकिलाकडे जाऊ नको.

"वेळ अकराची आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तू आला तर सोबत जाऊ. नाही आला तर यादीत तुझं नाव लिहिलं आहे, त्याच्यासमोर लिहीन, उत्तर बाकी. पण मी जाईन."

फोन ठेवल्यावर त्यांनी विझत आलेल्या दिव्यात तेल घातलं. सोळा सोमवार केलेली बाई, पण मुलाशी एवढं सरळ बोलणं त्यांना सगळ्या व्रतांहून जड गेलं असावं.

शनिवारी प्रेमलाबाई पहाटेच तयार झाल्या. कागद माझ्यातून निघून प्लास्टिकच्या फाइलीत गेले, एकाखाली एक, यादीप्रमाणे. अनंतरावांचा कागदही गेला. त्याला फाइलीत घालताना त्या जरा थांबल्या, मग घातला. म्हणाल्या, वकिलाले दाखवून तर देऊ, यांच्या मनात काय होतं.

नऊच्या सुमारास नीलेश आला. आईच्या पाया पडला, चहा प्यायला, विषय काढला नाही. बॅग ठेवायला म्हणून देवांच्या खोलीत आला. गोदू आंघोळीला गेली होती. तो देवांना हात जोडून खाटेवर बसला आणि त्याचा पाय कशाला तरी लागला. त्यानं वाकून पाहिलं. खाटेखाली पत्र्याची लहान पेटी होती. झाकण नीट लागलेलं नव्हतं. त्यात घडी घातलेली पातळं, एक चादर, साबण, कंगवा, पावडरचा डबा. वर दोरी. बांधून उचलली की चालू लागावं, अशी ती पेटी.

मला ती पेटी पहिल्यापासून माहीत आहे. गोदू रोज त्यातून कपडे काढते आणि वाळले की त्यातच ठेवते. भिंतीतलं कपाट समोर आहे, पण तिनं त्यात कधी एक रुमालही ठेवला नाही. मला वाटायचं, माणसं अशीच राहत असतील.

नीलेशनं खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर तिचा एक फोटो नाही, एक खिळा नाही. तेवढ्यात गोदू केस पुसत आली.

"आत्या, सामान काहून बांधून ठेवलं?" त्यानं विचारलं. "कुठं जायचं आहे?"

"कुठं नाही रे. असंच ठेवते मी. आली तेव्हापासून."

"चाळीस साल?"

"मग काय झालं. सापडते लवकर." आणि ती देवापुढचं निर्माल्य काढायला लागली.

नीलेश उठला आणि भिंतीतलं कपाट उघडलं. माझ्या खालचे दोन कप्पे त्याच्या इंजिनीअरिंगच्या पुस्तकांनी भरलेले आहेत. शिक्षण संपून वीस वर्षं झाली, तरी कोणी त्यांना हलवलं नव्हतं. त्यानं एकेक गठ्ठा काढला आणि बाहेर ओसरीवर नेऊन ठेवला. चार फेऱ्या झाल्या. धूळ माझ्यावरही उडाली. गोदू म्हणत राहिली, अरे हे काय करून राहिला, तुझी पुस्तकं आहेत ती. त्यानं ओल्या फडक्यानं कप्पे पुसले. मग गुडघे टेकून खाटेखालची पेटी ओढली आणि झाकण उघडलं.

"तू ठेवशील का मी ठेवू?" त्यानं विचारलं.

गोदू जागची हलली नाही. मग नीलेशच एकेक पातळ उचलून ठेवू लागला. त्याला घडी घालता येत नाही. तिसऱ्या पातळाला ती पुढे आली, त्याच्या हातातून ते घेतलं, "असं नाही रे पोट्ट्या," म्हणाली आणि स्वतः ठेवू लागली.

प्रेमलाबाई दारात उभ्या होत्या. नीलेश त्यांना म्हणाला, "आई, आत्याचं आधार कार्ड फाइलमध्ये आहे ना? नसंल तर घे. आणि तिले पण सोबत यायचं आहे, वकीलबाई नाव विचारतील." आणि हात धुवायला गेला.

अकराला पंधरा मिनिटं असताना तिघं रिक्षात बसून तेलीबांध्याकडे गेली. तिथं वकीलबाई काय म्हणतील, लिहायचं ते कसं लिहितील, मला ठाऊक नाही. एका भेटीत होत नाही म्हणतात, दोन-तीन फेऱ्या लागतात. पण जे घरून न्यायचं होतं ते सगळं गेलं आहे.

मी इथं फळीवर आहे. माझ्यात आता नुसती पोथी. नाडी एवढी लांब उरली की प्रेमलाबाईंनी तिचे दोन वेढे घेतले. रंग विटला आहे, एका कडेची शिवण उसवली आहे, पण अजून पुष्कळ वर्षं टिकेन. तुमच्याही घरी माझ्यासारखं कोणी असेल, ज्याच्या पोटात फार भरवशानं काही ठेवलं असेल. त्याला एकदा उलगडून पाहा. घरातली सगळी माणसं समोर बसवून पाहा. देव काही नाराज होत नाही, मी त्याच्या शेजारीच राहतो.

दुपार होत आली. कपाटाचं दार अर्धं उघडं राहिलं आहे. माझ्या खालच्या कप्प्यात पाच पातळं, एक चादर आणि पावडरचा डबा. पेटी मात्र ओसरीवर, पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी, झाकण उघडं टाकून उन्हात ठेवली आहे. प्रेमलाबाई जाता जाता म्हणत होत्या, तिच्यात तांदूळ चांगले राहतील.